पूजेतला गोळा

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कुणावर ओरडले तर वाचणाऱ्याला धक्का बसायला नको. भाजीवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक आहे. आमच्या ह्यांना तर बघण्याच्या कार्यक्रमातच कळलं होतं. पोहे गार झाले म्हणून मी आत आईशी भांडत होते आणि बाहेर पाहुण्यांना सगळं ऐकू जात होतं. तरीही ह्यांनी होकार दिला.

निफाडकडच्या आमच्या शाळेत मी गोळाफेकीत तालुक्यात पहिली आले होते. पुढं जिल्ह्याच्या संघातून खेळायला जायचं होतं, पण नेमकं त्याच आठवड्यात मोठ्या बहिणीचं लग्न निघालं. लग्नघरातली मुलगी तिकडं गोळे फेकत बसणार, हे घरात कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. माझ्या जागी वर्गातली दुसरी मुलगी गेली आणि पाठीवर 'नाशिक' छापलेला निळा टी-शर्ट घेऊन आली. तो तिनं वर्षभर घातला. मी तिच्या मागच्या बाकावर बसायचे, त्यामुळे ती अक्षरं मला रोज वाचावी लागायची. पुढं लग्न झालं, मुलं झाली, मुलं मोठी होऊन बाहेरगावी गेली, पण तो टी-शर्ट काही डोक्यातून गेला नाही. हसायला येईल, पण खरं आहे.

गोळा पुन्हा हातात आला तो भिशीमुळं. आमच्या भिशीतल्या बायकांना दर वेळी हॉटेलात जाऊन तेच पनीर खायचा कंटाळा आला होता. कुणीतरी म्हणालं, गंगापूर रोडकडच्या मॉलमध्ये बोलिंग आहे, तिथं जाऊ. बाकीच्या फोटो काढत होत्या. मी आपला तीन बोटांचा गोळा उचलला, धावले आणि सोडला. दहाच्या दहा पिना आडव्या झाल्या. तो निव्वळ योगायोग होता, पण माझ्या खांद्याला ते वजन ओळखीचं वाटलं. पुढच्या आठवड्यात मी एकटी गेले, त्याच्या पुढच्या आठवड्यातही गेले. सगळे त्याला बॉल म्हणतात, मी गोळाच म्हणते.

सुरुवातीला एकदा तोल जाऊन माझा पाय रेघेच्या पुढं गेला आणि गोळा ज्या लांब लाकडी पट्ट्यावरून सोडतात त्या लेनवर मी चक्क बसलेच. उठून बघते तर सलवारीला तेल. मी मॅनेजरला बोलावून सरळ झापलं, की पैसे घेता आणि फरशी पुसत नाही. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "ताई, ते तेल आम्हीच लावतो. रोज लावतो." मग त्यानं ते यंत्र दाखवलं. टेबलाएवढं यंत्र लेनवरून पुढं सरकतं, जुनं तेल पुसून घेतं आणि नवं लावतं. लेनच्या पुढच्या मोठ्या भागात तेल असतं, पिनांजवळचा शेवटचा भाग कोरडा ठेवतात. लाकूड खराब होऊ नये म्हणून ही सोय, आणि खेळाची सगळी गंमतही त्यातच. मी सॉरी म्हटलं नाही. पण त्यानंतर त्याला दिवाळीचा फराळ दर वर्षी नेऊन देते.

या तेलावरच गोळा कुठला घ्यायचा ते ठरतं, हे मला हळूहळू कळत गेलं. तिथल्या रॅकवर ठेवलेले गोळे कडक प्लास्टिकचे असतात. त्यांना तेल काय आणि कोरडं काय, ते आपले सरळ जातात. स्वतःचा गोळा आणणाऱ्यांचं वेगळं असतं. त्यांच्या गोळ्याचं वरचं आवरण पकड घेणारं असतं. असा गोळा तेलावर घसरत जातो आणि कोरड्या भागात पोचला की वळून पिनांत शिरतो. असा आडून शिरला की पिना जास्त पडतात. आवरण खरखरीत असेल तर तो लवकर वळतो, चकचकीत असेल तर उशिरा. म्हणजे तेल भरपूर असेल तर खरखरीत गोळा घ्यायचा, कमी असेल तर चकचकीत आणि तेल नसेलच तर कडक प्लास्टिकचा साधा. इतकं हे सोपं आहे. दुसऱ्या कुणाला मी ते दोन मिनिटांत समजावून सांगते.

माझा लाल गोळा खरखरीत जातीचा. मॅनेजरच्या ओळखीनं तो मुंबईहून आला, वापरलेला, जुनी भोकं बुजवलेला. नवी भोकं पाडून द्यायला नाशिकमध्ये कुणी नव्हतं. पण आमच्या ह्यांची अंबडच्या औद्योगिक वसाहतीत जॉबवर्कची शेड आहे. भोकं पाडणं हा त्यांचा रोजचाच धंदा. मी कणीक मळत होते तेव्हा हे जाडी मोजायचं व्हर्निअर घेऊन ओट्याशी आले आणि म्हणाले, "अंगठा दे." कणकेसकट माप घेऊ नका, असं मी म्हटल्यावर त्यांनी स्वतः माझा हात धुतला आणि प्रत्येक बोटाचं माप घेतलं.

दोन दिवसांनी गोळा घरी आला. भोक अंगठ्याच्या मापाचं होतं, अगदी मापाचं. अंबडच्या माणसाला जागा सैल सोडणं म्हणजे माल रिजेक्ट होणं. अंगठा आत गेला तो गेलाच. मी स्वयंपाकघरात उभी, हाताला बारा पौंडांचा गोळा लोंबकळतोय आणि हे भांड्यांचा साबण चोळतायत, असा तो प्रकार. मी जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. अंगठा सुटल्यावर हे भोकाकडं बघून म्हणाले, "बेअरिंग असतं ना, तर लय भारी बसलं असतं."

मग ते पॉलिश पेपर गुंडाळून रोज थोडं थोडं भोक घासायला लागले. सकाळी अंगठा बारीक असतो आणि संध्याकाळी फुगतो, हे त्यांनीच शोधून काढलं. म्हणून सकाळी एकदा आणि शेडवरून आल्यावर एकदा माझा अंगठा घालून बघायचा. मी घरी नसले तर ते स्वतःचं मधलं बोट घालून बघायचे. त्यांचं मधलं बोट आणि माझा अंगठा सारख्याच जाडीचे निघाले. इतकी वर्षं संसार करून आम्हाला दोघांनाही हे माहीत नव्हतं. शेवटी गोळा असा बसला की हातातून सुटताना कळायचंसुद्धा नाही. तेव्हापासून मी रॅकवरच्या गोळ्यांना हात लावला नाही. लावायची लाजच वाटायची.

गेल्या वर्षी मॅनेजरनं सांगितलं की राज्याच्या स्पर्धेसाठी नाशिकमधून दोन बायका पाठवायच्या आहेत. सहा गेम खेळायचे, बेरजेत पहिल्या दोन येतील त्या जाणार. मी पहिला प्रश्न विचारला तो टी-शर्टचा. तो म्हणाला, "मिळणार ना. पाठीवर नाशिक असणार." त्या रात्री मी ह्यांना शाळेतली सगळी गोष्ट पहिल्यांदाच सांगितली. ते ऐकत राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "मग ह्या वेळी आनायचा."

खेळ ठरला खंडेनवमीच्या दुपारी, कारण सगळ्यांना सुट्टी. खंडेनवमी आमच्याकडं फार कडक असते. शेडमधली यंत्रं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून, हळदकुंकू वाहून ठेवायची. त्यानंतर दसऱ्याची सकाळ उजाडेपर्यंत साधा पानासुद्धा हलवायचा नाही. एका वर्षी त्या दिवशी माझ्या मिक्सरचा स्क्रू निघाला होता. ह्यांनी स्क्रूड्रायव्हर दिला नाही, कारण तो पूजेत होता. मी चटणी खलबत्त्यात कुटली आणि दिवसभर बोलले नाही. बाकी सगळ्या बाबतीत हा माणूस नमतं घेतो, पण पूजेतली वस्तू हलवायची म्हटली की ऐकत नाही. त्या सकाळी त्यांनी विचारलं, "गोळा ठेवायचा का पूजेत?" मी म्हटलं, "मग दुपारी खेळू कशानं, कलिंगडानं?"

दुपारी मॉलमध्ये पोचलो तर दारात रांगोळी, वर झेंडूचं तोरण आणि आत फिनाईलचा वास. लेन आरशासारख्या लखलखत होत्या. मला फार प्रसन्न वाटलं, हे मुद्दाम सांगते. आम्ही सहाजणी होतो. त्यांतली कॉलेजची एक मुलगी फारच चांगली खेळायची, तिच्याशी कुणाची बरोबरी नव्हती. माझी खरी चुरस होती बँकेत काम करणाऱ्या एका बाईंशी. त्या रॅकवरचा साधा गोळा घेऊन सरळ, सावकाश खेळायच्या आणि मला त्यांचा खेळ आळणी वाटायचा.

मी पहिला गोळा सोडला. एरवी तो लांबपर्यंत सरळ घसरतो आणि शेवटी वळतो. त्या दिवशी हातातून सुटला तसा वळला, निम्म्या वाटेतच डावी कड गाठून गटरमध्ये पडला. मी उभं राहायची जागा बदलली, उजवीकडं नेम धरला, जोर वाढवला. काही उपयोग नाही. पहिला गेम गेला, दुसरा गेला. माझ्या मनात आलं, गोळा पूजेत ठेवला नाही म्हणून देवी रागावली की काय. तिसऱ्या गेममध्ये मी वाकून लेनवर बोट फिरवलं. बोट कोरडं ठणठणीत.

"लेन कुणी पुसल्या?" मी ओरडले. मॅनेजर धावत आला. "ताई, खंडेनवमी ना! सकाळी साबणाच्या पाण्यानं स्वच्छ केल्या सगळ्या. वर्षातून एकदा तरी नको का?" मी म्हटलं, मग परत तेल लावायचं होतं. त्यानं कोपऱ्याकडं हात केला. तिथं चौरंगाशेजारी ते तेलाचं यंत्र उभं होतं, माळ घातलेलं, कुंकू लावलेलं, समोर नारळ. "पूजेत ठेवलंय. उद्या सकाळपर्यंत कसं हलवणार?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. वाटलं, निदान नवरा तरी बायकोची बाजू घेईल. हे मॅनेजरला म्हणाले, "बरोबर हाय तुमचं." मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तिसरा गेम संपला तेव्हा मी चौथी होते आणि बँकेतल्या बाई बऱ्याच पुढं. मी बाकावर बसून लाल गोळा उगाच फडक्यानं पुसत राहिले. शाळेतला तो मागचा बाक आणि पुढच्या मुलीची पाठ माझ्या डोळ्यांपुढं आली.

हे शेजारी येऊन बसले. "हा ठेव आता बाजूला," ते हळूच म्हणाले.

"तुम्ही बनवलाय ना हा? इतके दिवस घासलात ना?"

"तेलावर खेळायला घासला. आज तेलच नाय, तर त्याचा काय उपयोग? साधा घे."

दोन मिनिटांत मी दुसऱ्यांना जे समजावून सांगते, तेच हे मला सांगत होते. मला ते कळत नव्हतं असं नाही. पण ज्या गोळ्याला माझ्या माणसानं इतके दिवस हात लावला, तो सगळ्यांदेखत बाजूला ठेवून रॅकवरचा उचलायचा, हे माझ्यानं होत नव्हतं. तसं मी त्यांना म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "मला काय वाटायचंय त्यात? टी-शर्ट आनायचा का नाय?" आणि उठून रॅककडं गेले.

तिथं ते एकेका गोळ्याच्या अंगठ्याच्या भोकात आपलं मधलं बोट घालून बघायला लागले. बारा पौंडांचे जेवढे होते तेवढे सगळे बघितले. सगळ्यांची भोकं वापरून वापरून सैल झालेली. जो थोडाफार घट्ट होता तो बँकेतल्या बाईंच्या हातात होता. सैल गोळा सरळ टाकता येत नाही, तो कधी सुटेल याचा भरवसाच नसतो. हे रिकाम्या हातानं वळले आणि तेवढ्यात त्यांची नजर चौरंगावर गेली. यंत्राशेजारी मॅनेजरनं पूजेसाठी सगळ्यांत नवा गोळा मांडला होता. निळा, कडक प्लास्टिकचा, बारा पौंडांचा. त्यावर कुंकवाची बोटं आणि झेंडूचं फूल.

"अहो, नको," मी म्हटलं. ते काय करणार आहेत ते मला त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळलं होतं. त्यांनी बूट काढले, हात जोडले, ओठ हलले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मग फूल अलगद उचलून बाजूला ठेवलं आणि भोकात बोट घालून बघितलं. बोट तसंच आत ठेवून त्यांनी माझ्याकडं मान हलवली. मॅनेजर जवळ आला. "काका, पूजेतला आहे तो..." हे म्हणाले, "माहितीय मला. पाप लागलं तर मला लागू दे. तिला द्या."

स्क्रूड्रायव्हर न देणारा हाच माणूस. त्यांनी रुमालानं कुंकू पुसलं, तो रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि गोळा माझ्या हातात दिला.

चौथ्या गेमपासून मी सरळ खेळायला लागले. हाताला वळवायची सवय, ती मोडायला पहिले काही गोळे वाया गेले. मग जमलं. दहाच्या दहा एकदम पडणं एरवीपेक्षा कमी होतं, पण उरलेली एखाददुसरी पिन मी डावातल्या दुसऱ्या गोळ्याला टिपायला लागले. पाचव्या गेमला मी तिसरी आले. मघाशी ज्या खेळाला आळणी म्हणत होते, तोच मी खेळत होते आणि त्यात किती कस लागतो ते मला घाम पुसताना कळत होतं. बँकेतल्या बाई अधूनमधून माझ्याकडं बघायच्या. एकदा त्या हसून म्हणाल्या, "आता आलात लायनीवर!" मला त्यांचा राग आला नाही.

शेवटच्या गेमचा शेवटचा डाव आला तेव्हा बाईंचा खेळ संपला होता. माझ्या पहिल्या गोळ्यानंतर उजव्या कोपऱ्यातली एकटी पिन उरली. लाल गोळ्यानं ती पिन मला कधीच साधली नव्हती, तो ऐन वेळी वळून तिला चुकवायचा. निळा गोळा कड धरून सरळ गेला आणि ती पडली. मागं टाळ्या वाजल्या. शेवटच्या डावात सगळ्या पिना पडल्या की आणखी एक गोळा टाकायला मिळतो, तो मला मिळाला. हिशेब पडद्यावर दिसत होता. दहाही पडल्या तर मी दुसरी, नाहीतर तिसरी. मी श्वास घेतला, सोडला. गोळा हवा तिथंच गेला. आठ पडल्या, दोन उभ्या राहिल्या. एक जराशी हलली, पण पडली नाही.

मी बाईंना मिठी मारली. खरंच मारली, मनापासून. त्या चांगल्या खेळल्या होत्या. मग मी वळून बघितलं तर हे जागेवर नव्हते. कोपऱ्यात चौरंगापाशी होते. गोळा परत जागेवर मांडून, मॅनेजरकडून कुंकू घेऊन त्यांनी त्याला बोटं लावली, फूल ठेवलं आणि डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले.

आम्ही पार्किंगमध्ये आलो. स्कूटरपाशी आल्यावर लाल गोळ्याची पिशवी पायापाशी ठेवत ते म्हणाले, "माझ्यामुळंच गेलं बहुतेक. पूजेतला उचलायला नको होता. त्याचंच झालं हे." त्यांचा आवाज बारीक झाला होता. मला कळेना, हा माणूस काय बोलतोय. ते माझी समजूत घालत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. आपण देवाचं मोडलं आणि त्याची शिक्षा बायकोला झाली, असं समजून ते माझ्यासमोर मान खाली घालून उभे होते.

"अहो, मी चौथी होते," मी म्हटलं. "शेवटच्या गोळ्यापर्यंत पोचले ती तुम्ही उचललात म्हणून. नाहीतर तिसऱ्या गेमलाच घरी आले असते, सगळ्यांशी भांडून." मला टी-शर्ट हवा होता, अजूनही हवा आहे, ते खोटं कशाला बोलू. पण शाळेत असताना माझ्या त्या टी-शर्टसाठी कुणी लग्नाची तारीख सरकवणं तर सोडाच, एक शब्दही काढला नव्हता. आणि इथं ह्यांनी जे जन्मात कधी केलं नसतं ते केलं होतं, सगळ्यांसमोर, अनवाणी उभं राहून. मी त्यांना म्हटलं, "थँक्यू."

आमच्या घरात नवराबायको एकमेकांना असं काही म्हणत नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांना ते कधीच म्हटलं नव्हतं. हे गोंधळले आणि मान वळवून मागं बघायला लागले. मागं कुणी नव्हतं, नुसत्या गाड्या होत्या.

"कुनाला म्हनतीस?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचा हात धरला आणि पुन्हा म्हटलं.